कोंडामायनं रडवलेलं गाव

फार वर्षांपूर्वी, आपल्या पणजीच्या पणजीलाही जो काळ ऐकूनच ठाऊक होता त्या काळी, डोंगराच्या पायथ्याला बेलदरी नावाचं एक गाव होतं. गाव चांगलं होतं. विहिरींना पाणी होतं, गोठ्यात गुरं होती, घराघरातून भाकरीचा वास यायचा. आणि त्या गावात तान्ही पोरं रडत नसत.

ऐकायला बरं वाटतं ना? तेव्हाही सगळ्यांना बरंच वाटायचं. पाहुणे यायचे, पाळण्यात डोकवायचे आणि म्हणायचे, "काय गुणाचं लेकरू आहे हो! आमच्याकडचं एक कारटं गल्ली डोक्यावर घेतं." बेलदरीचे लोक हसून म्हणायचे, "आमच्या पाण्याचाच गुण आहे तो."

गुण पाण्याचा नव्हता, रानाचा होता. बेलदरीच्या शिवारात तेव्हा अफू पिकायची. माघ-फाल्गुनात पांढऱ्या फुलांनी रान भरून जायचं. फुलं गळली की हिरवी बोंडं उरायची. दुपार कलली की बोंडांना चिरा द्यायच्या आणि सकाळी त्यातून पाझरलेला चीक खरवडून घ्यायचा. हे काम बायांचं. चीक ऊन चढायच्या आत काढावा लागायचा, त्यामुळे बाळंतीण असो की लेकुरवाळी, प्रत्येकीला रानात जावं लागायचं. बांधावरच्या बाभळींना झोळ्या बांधायच्या, झोळीत लेकरू टाकायचं आणि कामाला वाकायचं.

वाकलेल्या बाईचं लेकरू रडलं तर तिनं काय करायचं? कुणीतरी फार पूर्वी अंगठ्याच्या नखात राहिलेला चीक लेकराला चाटवला. लेकरू झोपलं. दुसरीनं पाहिलं, तिनंही चाटवला. असं होता होता ती रीतच झाली. बेलदरीची सून पहिलटकरीण झाली की उजव्या अंगठ्याचं नख वाढवायची. या चीक चाटवण्याला 'बोट चाटवणं' म्हणत. रानातलं काम संपलं तरी बोट चाटवणं संपत नसे, कारण तोवर लेकराला त्याची सवय झालेली असायची आणि त्याहून जास्त आईला.

या रीतीत आणखी एक रीत होती. बोट चाटवलेलं तोंडानं बोलायचं नाही. बोललं तर झोपेला नजर लागते, असं म्हणत. म्हणून आई सासूला सांगत नसे, सासू सुनेला सांगत नसे. सगळ्या जणी चाटवायच्या आणि सगळ्या जणी गप्प असायच्या.

त्या गावात सारजा नावाची एक सून होती. तिला पहिली मुलगी झाली, तिचं नाव मंजुळा. मुलगी पाच-सहा महिन्यांची असताना एका सकाळी सारजा चीक काढून झोळीकडे आली, तर मंजुळा झोपलेलीच होती. तिनं हलवलं. पुन्हा हलवलं. लेकराचं अंग अजून कोमट होतं.

गाव जमलं. म्हातारी माणसं म्हणाली, "झोपेत नेलं देवानं. काही कळलंसुद्धा नसेल तिला. पुण्याचं मरण." सारजेची सासू ठकूबाई उंबऱ्यावर बसून होती. बेलदरीत असं अधूनमधून व्हायचं. प्रत्येक घराला ते ठाऊक होतं, त्यामुळे कुणाला त्याचं नवल वाटत नसे.

वर्ष-दीड वर्षानं सारजेला मुलगा झाला. त्याचं नाव दगडू ठेवलं. आधीचं लेकरू गेलं की पुढच्याला असं नाव ठेवायचं, म्हणजे यमाला वाटावं, हे काही कामाचं नाही, राहू दे इथंच. सारजा दगडूला क्षणभर नजरेआड होऊ देत नसे. रानात मात्र जावंच लागायचं.

आणि दगडूच्या पहिल्याच फाल्गुनात कोंडामाय बेलदरीत आली.

ती वैदूंपैकी होती. खांद्यावर झाडपाल्याची झोळी, हातात काठी, कपाळावर मोठं गोंदण. वय किती ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. कुणी म्हणतं ती दक्षिणेकडून आली, कुणी म्हणतं डोंगर उतरून आली. ती आली तेव्हा तिच्यामागं रानातल्या शेळ्या आपण होऊन चालत आल्या, असंही म्हणतात. एवढं नक्की, की ती गावात न जाता आधी रानाच्या बांधावर आली. सकाळ होती. बाया वाकून चीक काढत होत्या. बाभळींना झोळ्यांची रांग लागली होती.

कोंडामायनं आपली आरोळी दिली, "कान दुखी, पोट दुखी, लेकराचा मुडदूस..." आणि मधेच थांबली.

बाया वर बघायला लागल्या.

"बायांनो," ती म्हणाली, "या झोळ्यांत लेकरं आहेत?"

"मग काय भोपळे आहेत?" एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या.

"इतकी लेकरं आणि एकाचाही आवाज नाही?"

"गुणाची आहेत."

तेवढ्यात बांधावर खेळणाऱ्या थोरल्या पोरांना कुणीतरी हाक मारली, "ए धोंडू! केरू, इकडं ये! उकिरड्या, पाणी आण!" कोंडामाय एकेक नाव ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. ती बांधावर बसली.

"माझं नाव कोंडा," ती म्हणाली. "माझ्या आधीची गेली, म्हणून मला हे नाव. आमच्या सगळ्या तांड्यात अशा नावाची मी एकटीच. तुमच्या एका बांधावर इतकी? कितींची लेकरं गेली गं इथं?"

"तोंड सांभाळ, बये," ठकूबाई पुढं येऊन म्हणाली. "सकाळच्या पारी काय अभद्र बोलतेस?"

कोंडामाय उठली आणि झोळ्यांशी गेली. एका लेकराच्या कपाळाला हात लाव, दुसऱ्याच्या छातीला कान लाव, असं करत ती दगडूच्या झोळीशी आली आणि तिथंच थांबली. तिनं त्याची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली मोहरीच्या दाण्याएवढी बारीक झाली होती. ओठ जांभळे पडले होते. श्वास येत होता, मग बराच वेळ येत नव्हता, मग पुन्हा येत होता.

"हे कुणाचं?"

सारजा चिकाचं भांडं टाकून धावत आली.

"काय दिलंस याला?"

सारजा गप्प राहिली. तिला बेलदरीत आल्यापासून सांगितलेलं होतं, तोंडानं बोलायचं नाही.

"बोल गं बाई! तू गप्प राहिलीस तर हे आत्ता जाईल!"

"बोट चाटवलं," सारजा म्हणाली. गावात पहिल्यांदा कुणीतरी ते तोंडानं बोललं होतं. "सकाळी. निघताना. एकदाच चाटवलं, माय. देवाशपथ एकदाच."

तेव्हा मागं काहीतरी वाजलं. ठकूबाईच्या हातून खरवडायची पळी दगडावर पडली होती.

"मी पण," ठकूबाई म्हणाली.

सारजेनं वळून पाहिलं. "कधी, आत्याबाई?"

"आत्ताच. तू वाकली होतीस. तो हातपाय हलवायला लागला, मला वाटलं आता रडेल. मला काय माहीत तू..."

मग कोंडामायनं दगडूला उचललं. त्याच्या तळपायांवर चापट्या मारल्या, तोंडावर गार पाण्याचा हबका मारला, झोळीतून कांदा काढून फोडला आणि नाकाशी धरला. श्वास थांबला की ती आपलं तोंड त्याच्या तोंडाला लावून फुंकर घालायची. "याला खाली ठेवायचं नाही," ती म्हणाली. "झोपू द्यायचं नाही. बांधावरून चालत राहायचं. एक थकली की दुसरीनं घ्यायचं."

सासू आणि सून चालू लागल्या. बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. कोंडामाय बाजूनं चालत होती आणि पोराला चिमटे काढत होती. बाकीच्या बाया ओळीनं उभ्या होत्या. रानातला चीक बोंडांवर तसाच वाळत होता, त्या दिवशी तो कुणीच काढला नाही.

ऊन डोक्यावर आलं. सारजेच्या कडेवर दगडूची मान लोंबत होती. चालता चालता ती एकदम थांबली. तिच्या मनात काहीतरी येऊन उभं राहिलं होतं, आणि ते इतकं मोठं होतं की त्याला ओलांडून पाऊल पुढं पडेना.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मंजुळेला पण?"

ठकूबाईनं तिच्याकडं पाहिलं. मग दोन्ही हात पुढं केले.

"दे इकडं त्याला," ती म्हणाली. "माझी पाळी आहे. तू थांबलीस तर तो झोपेल."

सारजेनं पोर दिलं आणि तिच्यामागून चालू लागली. तिला रडू येत नव्हतं. समोर सासूचे भेगाळलेले पाय दिसत होते, तेवढ्यांकडं बघत ती चालत होती.

दिवस कलायला लागला तेव्हा दगडूनं एक हात हलवला. मग तोंड उघडलं. मग एक आवाज आला.

असं म्हणतात, की तो आवाज बेलदरीत कुणी ओळखलाच नाही. कुणाला वाटलं घारीचं पिल्लू झाडावरून पडलं, कुणाला वाटलं मांजर. थोरली पोरं घाबरून आयांना बिलगली आणि विचारू लागली, "हे काय झालं त्याला?" ज्यांना स्वतःची पोरं होती अशा बायांनासुद्धा क्षणभर कळलं नाही. कोंडामायनंच सांगितलं, "काही नाही झालं. लेकरू रडतंय."

दगडू लालेलाल होऊन रडत होता. ठकूबाईनं त्याला सुनेच्या हाती दिलं आणि बाभळीखाली बसली. मान वर न करता तिनं सांगितलं, "हो. मंजुळेला पण."

त्यानंतर त्या दोघी त्याबद्दल एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत, असं म्हणतात. बोलायची गरजही उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चावडीसमोर गाव जमलं. पाटील चिडलेले होते. आदल्या दिवशीचा सगळा चीक वाळून गेला होता.

"बाई," ते म्हणाले, "आमची पोरं शांत आहेत, यात तुझ्या पोटात का दुखतं?"

"तुमच्या गावात कोंबडं तरी आरवतं का, पाटील?" कोंडामाय म्हणाली. "का त्यालाही बोट चाटवता?"

मागं दोन-चार जण हसले. पाटलांनी वळून पाहिलं तसे गप्प झाले.

"एकाच्या घरी चूक झाली," पाटील म्हणाले. "सासू-सुनेची गफलत. त्याला गावानं काय करायचं?"

मग सारजा उठून उभी राहिली. गावासमोर ती कधी बोलली नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "ज्यांची लेकरं झोपेत गेली, त्यांनी त्या दिवशी बोट चाटवलं होतं का? आणि घरात आणखी कुणी चाटवलं होतं का? तोंडानं सांगा. आता नजर लागायला काय उरलंय?"

मग एका कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली, "मी चाटवलं होतं." तिच्या शेजारून तिची जाऊ म्हणाली, "अगं, मी पण." त्या दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. त्या गोष्टीला तीस-चाळीस वर्षं होऊन गेली होती. मग दुसरीकडून एक आवाज आला, मग तिसरीकडून. माय आणि मावशी, नणंद आणि भावजय. माणसं आपल्याच घरातल्या माणसांकडं बघत राहिली. काही बाया उभ्या होत्या त्या जागीच मातीत बसल्या. आरडाओरडा कुणी केला नाही.

शेवटी पाटलांनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर घेतलं. "आमचा थोरला गेला त्या रात्री," ते म्हणाले, "बायको निजली होती. तो कुरकुरायला लागला. मी तिचाच अंगठा धरून..." मग त्यांनी विचारलं, "आता काय करायचं, माय?"

त्या दिवसापासून ती सगळ्या गावाची कोंडामाय झाली.

ती म्हणाली, एकदम तोडायचं नाही. सवय लागलेल्या लेकराची अफू एकदम तोडली तर त्याला फेफरं येतं. तिनं प्रत्येक घरची सहाण मागवली. अफू नखानं द्यायची बंद, सहाणेवर उगाळून द्यायची, म्हणजे किती दिली ते डोळ्यांना दिसतं. दर आठवड्याला अफू उगाळायचा एक वेढा कमी करायचा आणि मुरुडशेंगेचा एक वेढा वाढवायचा. रोज सकाळी तीळतेलानं अंग रगडायचं, ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं, ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची, आणि मग लेकरू नुसतं छातीशी धरून बसायचं. काम असो नसो, बसायचं. आयांनाही ती सोडत नसे. त्यांचे पाय चोळायची, त्यांना हळिवाची खीर करून घालायची. "लेकराची सवय मी मोडते," ती म्हणायची, "तुमच्या हाताची कोण मोडणार? लेकरू कुरकुरलं की तुमचा अंगठाच आधी उठतो."

आणि ते खरं होतं. म्हणून तिनं बायांची नखं कापली. पहिलं नख ठकूबाईचं कापलं. मग तिच्याच हातात सहाण दिली आणि सांगितलं, "तूच उगाळ. तुझ्याच हातानं कमी कर." ठकूबाई रोज उगाळायची. उगाळताना तिचे ओठ हलायचे. ती वेढे मोजते असं बाकीच्यांना वाटायचं. ती कुणाचं तरी नाव घेते, हे सारजेला कळायचं.

आणि कोंडामायनं सगळ्यात मोठी गोष्ट लावून दिली ती ही. लेकराला घुटी देताना, औषध देताना, पाण्याचा थेंब देतानासुद्धा, दारात येऊन मोठ्यानं सांगायचं, "दिली गं!" आणि ज्या बाईच्या कानावर पडेल तिनं ओरडून म्हणायचं, "ऐकलं गं!" उत्तर आल्याशिवाय दारातून हलायचं नाही. सुरुवातीला बायांच्या घशातून आवाजच निघेना. एकीनं तर इतक्या हळू सांगितलं, की कोंडामाय म्हणाली, "कुणाला सांगतेस, मुंगीला?"

गावाला ते दिवस फार जड गेले. लेकरं घामेजायची, शिंकायची, दूध ओकायची, हातपाय आखडून किंचाळायची. पुरुष वैतागून म्हणायचे, "ही बया आली आणि गावाची झोप घेऊन गेली." पण आता कुणी नख वाढवलं नाही. बायांनी ठरवून घेतलं, की रोज एकीनं चीक काढायला वाकायचं नाही. ती झोळ्यांशी बसेल, रडेल त्याला उचलेल, आणि तिच्या वाट्याच्या ओळी बाकीच्या काढतील.

असं करता करता एक सकाळ आली, जेव्हा सहाणेवर अफूचा एकही वेढा उगाळायचा उरला नव्हता. त्या सकाळी जे झालं ते बेलदरीत आजही हळू आवाजात सांगतात.

झोळ्या बाभळींना बांधलेल्या होत्या. आधी एक लेकरू रडलं. मग दुसरं रडलं. मग सगळी एकदम रडायला लागली. आवाज डोंगरापर्यंत गेला आणि परत आला. वाकलेल्या बाया ताठ उभ्या राहिल्या. गुरांनी चारा खायचा थांबवला. आणि मग एकेकीच्या लक्षात यायला लागलं, की आवाज जास्त आहेत. झोळ्या होत्या त्याहून कितीतरी जास्त. ज्या बाभळींना झोळ्याच नव्हत्या, त्यांच्याखालूनही आवाज येत होते. ज्यांची मुलं कधीच थोरली झाली होती अशा बायांना पान्हा फुटला. केस पांढरे झालेल्या म्हाताऱ्यांच्या चोळ्या भिजल्या. प्रत्येकीनं आपापल्या लेकराचा आवाज ओळखला. तो आवाज तिनं आयुष्यात कधीच ऐकलेला नव्हता, तरी ओळखला.

सारजेच्या कडेवर दगडू होता. तो रडत नव्हता, एका रिकाम्या बाभळीकडं टक लावून बघत होता. सारजा तिकडं गेली. तिथं सावलीशिवाय काही नव्हतं. आवाज मात्र अगदी तिच्या गुडघ्यांपाशी येत होता, भुकेजलेला, रागावलेला. ती खाली बसली. दगडूला बाजूला ठेवलं आणि जसं लेकरू घ्यावं तसे हात करून ती बसून राहिली. पाठीमागं कुणीतरी येऊन बसलं. ती ठकूबाई होती.

ऊन वर चढलं तसे ते जास्तीचे आवाज एकेक करून थांबले. छातीशी धरलेलं लेकरू जसं हळूहळू थांबतं, तसे.

त्या गडबडीत कोंडामाय कधी निघून गेली ते कुणाला दिसलं नाही. तिची काठी बांधावर रोवलेली होती. पुढं त्या काठीला पालवी फुटली आणि तिची बाभूळ झाली, असं म्हणतात. आता वैदूच्या हातातली काठी मुळात बाभळीची होती की नाही, यावर बेलदरीतले म्हातारे अजूनही भांडतात. पण त्या बाभळीवर कुऱ्हाड कुणी चालवत नाही.

पुढं अफूचं रान गेलं. कापूस आला, मग केळी आल्या. बेलदरीत आजही बारशाच्या दिवशी बाळाला पाळण्यात घालायच्या आधी आईच्या उजव्या अंगठ्याचं नख कापतात, आणि तिच्या पाठोपाठ सासूचंही. आजही तिथली बाई दवाखान्यातून आणलेलं औषध लेकराला पाजते आणि दारात येऊन ओरडते, "दिलं गं!" आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकावरून कुणीतरी हातातलं काम न सोडता उत्तर देतं, "ऐकलं गं!" नवे जावई, नवे पाहुणे हे ऐकून दचकतात. त्यांना मग ही गोष्ट सांगावी लागते.

फाल्गुनात एक दिवस कोंडामायचा असतो. त्या दिवशी बांधावरच्या बाभळीला एक रिकामी झोळी बांधतात. पूजा नाही, नैवेद्य नाही. ज्या घरातलं लेकरू कधीकाळी गेलं, कशानंही गेलेलं असो, त्या घरची माणसं एकेक करून पुढं होतात आणि झोळीला हलकाच झोका देतात.

ही रीत सारजेनं पाडली. ती खूप जगली. दगडूची नातवंडंही तिनं पाहिली. अगदी शेवटी तिला धरून बांधावर न्यावं लागायचं. ती झोळीची दोरी धरायची, थोडी वाकायची आणि लेकराशी बोलावं तशी म्हणायची,

"मंजुळे, आज काही दिलं नाही गं."

आणि पाठीमागं उभं असलेलं सगळं गाव उत्तर द्यायचं, "ऐकलं."